स्लीप स्टडी, घरची टेस्ट, घड्याळ की साधी वही? झोप मोजायची तर कशाने

झोप नीट होत नाही असं कुणाला सांगितलं की हल्ली दोनच सल्ले मिळतात, स्मार्टवॉच घे नाहीतर स्लीप स्टडी करून टाक. पैसे घालायच्या आधी एवढं बघा की ही सगळी साधनं झोपच मोजत असली तरी प्रत्येकाची नजर वेगळ्याच गोष्टीवर असते, त्यामुळे तुमची तक्रार काय आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

सगळ्यात पक्कं मोजमाप म्हणजे रात्रभर लॅबमध्ये झोपून केलेली पॉलिसोम्नोग्राफी, स्लीप स्टडी म्हणतात ती हीच. डोक्याला ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढणाऱ्या) वायरी, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना, वर छाती-पोटाला पट्टे, नाकाशी सेन्सर, बोटाला ऑक्सिजनची क्लिप... एवढं लटांबर कशाला असं वाटतं ना? तर १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलतात तो टप्पा म्हणजे रेम जगापुढे मांडला, आणि घोळ असा की रेममध्ये मेंदूचा आलेख बराचसा जाग्या माणसासारखाच दिसतो. नुसत्या ईईजीवर माणूस स्वप्न बघतोय की डोळे मिटून जागा पडलाय हे सांगणं अवघड जातं, म्हणून डोळे हलतायत का ते बघायचं आणि हनुवटीचा स्नायू ढिला पडलाय का तेही बघायचं, तिन्ही जुळलं की मग रेम म्हणायचं. पूर्ण रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला जागा, एन१, एन२, एन३ (हलक्यापासून गाढ झोपेपर्यंतचे टप्पे) किंवा रेम असं लेबल लावतात, म्हणजे आठ तासांचे ९६० तुकडे. (१९६८ च्या नियमांत गाढ झोपेचे दोन टप्पे होते, २००७ पासून ते एकत्र करून एन३ केला.) आणि गंमत म्हणजे एकच रात्र दोन अनुभवी माणसांना दिली तरी सगळी लेबलं जुळत नाहीत.

लॅबचा तोटा उघड आहे. परकी जागा, अंगभर वायरी, पहिल्या रात्री झोप नेहमीपेक्षा वाईटच लागते. शिवाय एकाच रात्रीचा हिशोब.

घरी करायच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा ईईजी नसतोच, ती श्वास, ऑक्सिजन आणि नाडी बघते. घोरणं आणि मधेच श्वास अडकणं एवढाच संशय असेल तर बऱ्याच लोकांना ती पुरते. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडखळला तर सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्यावर गंभीर. फक्त एक मेख आहे, मेंदूच बघत नसल्यामुळे तुम्ही खरंच किती तास झोपलात हे तिला कळत नाही, श्वास एकूण किती वेळा अडखळला त्याला भागाकार झोपेच्या नाही तर मशीन चालू होतं त्या वेळेने होतो आणि आकडा कमी येऊ शकतो. म्हणून टेस्ट नॉर्मल आली पण दिवसा पेंग काही जात नसेल तर लॅबमध्ये जाच.

घड्याळाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ते मनगटाची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं, त्यामुळे न हलता जागे पडलात तर ते खुशाल झोप धरतं, म्हणजे निद्रानाश असलेल्या माणसालाच ते सगळ्यात जास्त फसवतं. कधी झोपलो, कधी उठलो, सुट्टीच्या दिवशी किती घसरलो हे महिनाभर बघायला उत्तम, पण ‘गाढ झोप ४२ मिनिटं’ वगैरे बघून सकाळी सकाळी टेन्शन घेऊ नका. या आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेण्याला २०१७ मध्ये संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नावच दिलंय!

झोप लागत नाही, तीनला जाग येते ती येतेच, अशी तक्रार असेल तर मी वहीच निवडेन. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं, आडवे कधी झालात, साधारण डोळा कधी लागला, किती वेळा उठलात, शेवटी कधी उठलात. अकरा ते सात अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी सुमारे ६९ टक्केच झोप, निद्रानाशाच्या थेरपीत ८५ च्या आसपास न्यायचा प्रयत्न असतो. अंदाज चुकतो हे खरं, निद्रानाश असलेले बरेच जण झोप कमीच धरतात, पण उपचार याच नोंदींवर चालतात आणि त्यासाठी स्लीप स्टडी सहसा लागतही नाही. सोबत दिवसाची पेंग मोजणारी एपवर्थची प्रश्नावली भरा, आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता किती त्याला ० ते ३, बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची पेंग जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा.

झोपेत लाथा मारणं, स्वप्नातली मारामारी खरोखर करणं, याला मात्र व्हिडिओसकट लॅबच हवी. नार्कोलेप्सीचा (दिवसा आवरता न येणारी झोप येण्याच्या आजाराचा) संशय असेल तर त्या रात्रीनंतर दिवसभरात दोन-दोन तासांनी डुलकीच्या चार-पाच संधी देऊन किती मिनिटांत झोप लागते तेही मोजतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचीही सुट्टी टाकून जा.