बाणेरला जायचं कसं: बायपासने की गावातून?

पुण्यात वडगावला घर आणि बाणेरला ऑफिस, असा योग ज्यांच्या नशिबी नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे. दोन्ही रस्त्यांवर मी दुचाकी झिजवली आहे.

कागदावर बायपासच, म्हणजे शहराच्या कडेने जाणारा मुंबई-बेंगळुरू महामार्ग, जिंकतो. वडगाव पुलापाशी वर चढलात की वारजे, चांदणी चौक, सूस, बाणेर. मधे सिग्नल नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवे पूल-रॅम्प सुरू झाले, तेव्हापासून तिथला खोळंबाही बराच कमी झालाय. (पहिल्या खेपेला चुकून मुळशीच्या वाटेला लागाल. आम्हीही लागलो होतो.)

गावातून म्हणजे राजाराम पूल, कर्वेनगर, नळस्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता आणि विद्यापीठ चौक. त्या चौकातल्या कोंडीबद्दल नव्याने काय सांगायचं!

पण माझं घोडं अडलं ते बायपासच्या सर्व्हिस रोडवर. आपण बापडे कडेकडेने जात असतो आणि वारज्याच्या अलीकडे, मुठेच्या पुलाआधी, तो रस्ता चक्क संपतो. मग मान वळवून मुख्य रस्त्यात घुसायचं. मागून येतो तो कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार उतरून आलेला ट्रक. ब्रेक तापल्याचा जळका वास आधी येतो, हॉर्न नंतर. डिझेल वाचवायला काही चालक त्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने पाठोपाठ 48 गाड्या ठोकल्या. त्यात ट्रकवाल्यांचाही तसा दोष कसा काढणार? बायपास झाला तो त्यांनी शहरात शिरू नये म्हणून. आपणच त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या बांधल्या आणि स्कूटर घेऊन वर चढलो.

शिवाय पुढे एखादा कंटेनर बंद पडला की बायपासवर बसून राहायचं. गावात निदान एखादी गल्ली तरी सापडते.

चारचाकी असेल किंवा सकाळी सातच्या आत निघत असाल, तर बायपास घ्या, मी वाद घालणार नाही. दुचाकी असेल तर, आपलं माझं मत, एक आठवडा गावातून जाऊन बघा. लॉ कॉलेज रस्त्यावर सावली आहे, सेनापती बापटला चहा आहे. बायको म्हणते वीस मिनिटं जास्त लागतात. मी पंधराच धरतो.