गुडघेदुखीसाठी गुग्गुळ की शल्लकी?

पर्वतीच्या पायऱ्या उतरताना गुडघा कुरकुरायला लागला की पुण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. घरातलं वडीलधारं माणूस योगराज गुग्गुळ सांगतं, तर औषधाच्या दुकानात शल्लकीची कॅप्सूल पुढे येते. दोन्ही झाडांच्या खोडातून पाझरणारे राळयुक्त डिंकच, आणि झाडंही एकाच कुळातली. दोन्ही घेऊन झाल्यावर माझं मत शल्लकीकडे झुकलं आहे. ते का, ते सांगतो. प्रकृतीनुसार तुमचं उत्तर वेगळं निघू शकतं, हे मात्र आधीच मान्य.

योगराज म्हणजे नुसता गुग्गुळ नव्हे. त्यात चित्रक, पिंपळीमूळ, ओवा, सुंठ, त्रिफळा अशी पचनावर काम करणारी मंडळी असतात. त्यामुळे सकाळी सांधा आखडलेला, अंग जड, भूक मंद, जिभेवर पांढरा थर असं सगळं एकत्र असेल, तर वैद्य गुग्गुळ कल्पाकडेच वळतात आणि ते बरोबरही वाटतं. नुसती झिजेची दुखणारी ढोपरं घेऊन येणाऱ्याला एवढा फौजफाटा लागतोच असं नाही. खरेदी करताना ‘महायोगराज’ उचलू नका. त्यात नागभस्म आणि रससिंदूर असतात, म्हणजे शिसं आणि पारा. ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे.

आता माझी खरी अडचण. गुग्गुळाची गोळी दगडासारखी असते. शोधित, म्हणजे शुद्ध केलेला, गुग्गुळ तुपाचा हात देऊन कुटतात, गोळ्या वळतात, आणि वाळल्या की त्या अशा कडक होतात की पचन मंद असलेल्या माणसाच्या पोटात तशाच पुढे सरकू शकतात. म्हणून चुरून घ्या असं सांगतात. सांगणं सोपं आहे. थंडीत बत्त्याचा घाव बसला की गोळी टणकन उडून ओट्याखाली जाते. एप्रिलमध्ये तीच मऊ पडते, तिची पूड होतच नाही, खलाला चिकटून तपकिरी लेप तयार होतो. त्यातल्या त्यात जमणारी रीत अशी: खलाला तुपाचं बोट फिरवा, 2 गोळ्या दाबून फोडा, अर्धी वाटी कडकडीत पाणी घालून 15 ते 20 मिनिटं ठेवा, मग घोटा. पाणी दुधाळ, मातकट झालं की गुग्गुळ सुटला. वाटीच्या तळाशी खर दिसली तर माल नीट गाळलेला नाही. हे कडू पाणी प्यायल्यावर दातांना चिकट थर राहतो, तो जायला वर पुन्हा गरम पाणी लागतं. दिवसातून दोनदा एवढं करायचं, तेही ऑफिसला निघण्याच्या घाईत. गुण यायला आठवडे लागणारं औषध अशा कटकटीमुळे मधेच सुटतं, आणि नेमानं न घेतलेल्या औषधाचा दोष कुणाला द्यायचा?

दुसरी गोष्ट उष्णतेची. गुग्गुळ उष्ण. पित्ताच्या माणसाला तोंड येणं, पातळ शौच, कधी अंगावर पुरळ असे त्रास होतात. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे जास्त जाणवतं, असं मला वाटतं.

शल्लकीचा जाच यापेक्षा कमी, पण लेबल वाचावं लागतं. ‘चूर्ण’ लिहिलं असेल तर ती साधी पूड. ‘अर्क’ असेल तर त्यात बॉस्वेलिक आम्लं, म्हणजे शल्लकीतले मुख्य कार्यकारी घटक, किती टक्के, हे छापलेलं हवं. साधारण 65 टक्के लिहिलेला माल बऱ्याच ठिकाणी मिळतो. टक्केवारीच नसेल तर ठेवून द्या. उपाशीपोटी घेतली की जळजळते, आणि स्निग्ध जेवणाशिवाय तिचं शोषणही कमीच होतं. वरणभातावर तूप घेणाऱ्यांची सोय आपोआप झाली म्हणायची! नागपुरात गुडघ्याच्या झिजेच्या 30 रुग्णांवर झालेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 333 मिलिग्रॅम अर्क दिवसातून 3 वेळा, 8 आठवडे दिला होता. वेदना आणि सूज कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, पण एक्स-रेमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे झिजलेली कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड) परत येईल, ही अपेक्षा आधीच सोडायची. माझाही अनुभव तसाच: सुरुवातीचे दिवस काहीच कळत नाही, मग कधीतरी लक्षात येतं की जिना उतरताना कठड्याकडे हात जात नाही.

मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानांत सालईचा, म्हणजे शल्लकीच्याच झाडाचा, कच्चा डिंक स्वस्तात दिसतो. तो खाऊ नये. ताजी राळ बांबूच्या टोपल्यांत ठेवून पातळ भाग निथळू देतात, आणि उरलेली चिकट राळ फुटावी म्हणून तिला शंखजिऱ्याची, म्हणजे एका मऊ दगडाची, पूड लावण्याची रीत आहे. धुपाला ठीक. कच्चा गुग्गुळही तसाच टाळावा. पुरचुंडीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात उकळला की साल, वाळू, खडे फडक्यात राहतात, ते एकदा पाहिलं की शोधन का करतात ते पटतं.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. राजस्थान-कच्छकडचं गुग्गुळाचं झुडूप अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जास्त राळ निघावी म्हणून वाटेल तसे घाव घातले की ते वाळून जातं. सालई अजून सातपुड्यात, मेळघाटात मुबलक आहे, तिथेही ओरबाडणं नकोच.

रक्त पातळ करणाऱ्या, थायरॉइडच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर दोन्हीपैकी काहीही स्वतःहून सुरू करू नका. यात गुग्गुळाबाबत जास्त सावध राहा. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. बाकीच्यांनी रास्ता पेठेतल्या ताराचंद रुग्णालयासारख्या ठिकाणी एकदा प्रकृती दाखवून घ्यावी, आणि जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.