नेरळच्या पुठ्ठ्याच्या स्टेशनापायी १५,२७४ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

माझ्या मॉडेल रेल्वेसाठी नेरळ स्टेशनाचा लेसरनं कापलेला कार्डाचा सेट मागवला आणि फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजून खरा आकडा सांगायची हिंमत झालेली नाही. १५,२७४ रुपये. नमुन्याचे ३५०, ॲडव्हान्स ८,४००, ‘लेसर सेटअप’चे ३,५०० आणि जीएसटी म्हणून ३,०२४. बदल्यात हातात आलं ते तळहाताएवढ्या कार्डावरचं दारं-खिडक्यांचं एक पान.

मी नवखा नाही. एचओ, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या १:८७ मापात (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या), कागद-पुठ्ठ्याच्या इमारती मी वर्षानुवर्षं हातानं करतोय. अप्पा बळवंत चौकातून आयव्हरी शीट आणि माउंटबोर्ड आणायचा, कटर, स्टीलची पट्टी आणि फेविकॉल घेऊन बसायचं. भिंती, फलाट, मालधक्का यासाठी मला कुणाची गरज नाही. पण लेआउटवर, म्हणजे घरातल्या छोट्या रेल्वेच्या मांडणीवर, नेरळ करायचं होतं. एकीकडे ब्रॉडगेज, शेजारी १९०७ सालची माथेरानची दोन फुटी लाइन. स्टेशन, गोदाम, सिग्नल केबिन, सगळं कौलारू. मंगलोरी कौल या मापात जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, खिडकीतली पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. ते हातानं शेकड्यानं कापता येत नाही. परदेशी इमारतींचे सेट हवे तेवढे मिळतात, आपलं स्टेशन शोधून सापडत नाही. म्हणून लेसरनं कापलेला पूर्ण सेट १६,८०० रुपयांत देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवला. त्यात हावरटपणा कुठे होता? भाव स्वस्तही नव्हता.

आणि मी पैसे देण्याआधी नमुना मागवला होता! माप घेतलं होतं!

तिथेच सगळं कळायला हवं होतं. नमुन्यातलं दार पट्टीवर धरलं तर २८ मिलिमीटर. सात फुटी दार १:८७ मध्ये साडेचोवीसच्या आसपास भरतं. मी लगेच विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं: “सर, जीआयपीच्या काळातली दारं आहेत, आठ फुटी.” (जीआयपी म्हणजे ब्रिटिश काळातली रेल्वे कंपनी.) मी कॅल्क्युलेटर काढला. आठ फूट म्हणजे २,४३८ मिलिमीटर, भागिले ८७, बरोबर २८. हिशोब जुळला. जुन्या स्टेशनांची उंच दारं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, मग शंका कशी येणार? पण तेच २८ मिलिमीटर ब्रिटिश मॉडेलांच्या डबल-ओ मापात, १:७६ ला, साध्या सात फुटी दाराचे असतात. नंतर शोधल्यावर सापडलं की त्यानं दाखवलेले फोटो एका ब्रिटिश कार्ड किटचे होते, धुराडी कापून टाकलेले. दोन भागाकार शेजारी शेजारी मांडले असते तर माझे पैसे वाचले असते. रोज रात्री तो भागाकार डोक्यात फिरतो.

दुसरी खूण कडांची. लेसरनं कापलेल्या कार्डाची कड करपून तपकिरी होते, नाकाजवळ धरली तर जळका वास येतो. माझ्या नमुन्याच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. “आम्ही साफ करून देतो” म्हणाला. अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कोण साफ करत बसतो? कड पांढरी दिसली की तिथेच थांबा.

जीएसटी भरल्यावर त्यानं ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे आणखी १,१८० मागितले. मी म्हटलं, आधी जीएसटीचं बिल पाठवा. त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. जीएसटी घेणाऱ्याकडे जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, असतो, तो पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा, नंतर नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. खरा मनस्ताप पुढे झाला. बँकेत मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अनधिकृत नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक अनधिकृत व्यवहारांचं आहे हे मलाही वाचता येतं. मी भरपाई मागतच नव्हतो. समोरच्या बँकेला आजच्या आज कळवा, खातं गोठवायला सांगा, एवढंच म्हणत होतो. त्यासाठी मला तीन टेबलं फिरवलं, शेवटी “मेल करा”. मेलला आलेलं उत्तर छापील, त्यात माझी रक्कमसुद्धा चुकीची.

पोलीस ठाण्यात तर पहिला प्रश्न, “काका, या वयात खेळण्यावर एवढे पैसे?” फसवणूक ही फसवणूक असते, वस्तू काय होती त्यानं कलम बदलतं का? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी छापून नेलं होतं, ते कुणी हातात घेतलं नाही. “माल आला नाही ना, मग ग्राहक आयोगात जा.” ग्राहक आयोगात जायला समोरच्याचा पत्ता लागतो. तो पत्ता बँकेकडे आहे आणि बँक म्हणते, पोलिसांनी मागितला तरच देऊ. पोलीस मागत नाहीत. हे कुणी सोडवायचं? पंधरा हजार त्यांच्या लेखी किरकोळ असतील, माझ्या पेन्शनमधून गेलेत.

यूपीआयवर नाव दुकानाचं नाही, भलत्याच माणसाचं दिसलं तर पैसे पाठवू नका. मला दिसलं होतं, “भावाचं खातं” म्हणाला. नमुना म्हणून दारं-खिडक्या घेऊ नका, त्या कुठल्याही इमारतीला चालतात. तुमच्या ड्रॉइंगमधला कोपरा कापून मागा. आणि यानं तुम्हालाही असंच फसवलं असेल तर लाजेपायी गप्प बसू नका. यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, घेऊन तक्रार करा. सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जातोय, सोबत तो नमुना आणि पट्टी घेऊन. त्याच खात्यावर आणखी तक्रारी निघाल्या, तर मला “काका, खेळणं” म्हणून परत पाठवणं त्यांना सोपं जाणार नाही.