डीव्हीडी रायटरच्या जागी बसणारं पॅनल : पोर्ट पास, लाइटचा डबा नापास

सव्वापाच इंची बेमध्ये, म्हणजे पूर्वी जिथे डीव्हीडी रायटर असायचा तिथे, बसणारं हे फ्रंट पॅनल किट सध्या ऑनलाइन तीन-चार नावांनी विकलं जातंय. नाव वेगळं, खोकं वेगळं, आतली पाटी एकच. समोर दोन यूएसबी ३.०, एक टाइप-सी, दोन यूएसबी २.०, हेडफोन-माइकचे जॅक आणि लाइटचं बटण. सोबत फॅन व एआरजीबी (एकेका एलईडीचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या) पट्ट्या जोडायचा एक चपटा डबा आणि रिमोट. किंमत दीड हजाराच्या आत. पोर्टांसाठी घ्यायला हरकत नाही. लाइटसाठी घेणार असाल तर आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्ड आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघून घ्या. या किटबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ पॅनलमध्ये नसून वीज कुठून घेतली यात असतं.

बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या ऑफिसांत सव्वापाच इंची बे असलेली जुनी कॅबिनेट अजून भरपूर आहेत. सीएकडे डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, उद्यमबागेतल्या कॅडवाल्याकडे सॉफ्टवेअरचा डोंगल, पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह. त्यामुळे पुढचे दोन पोर्ट सगळ्यात आधी सैल होतात आणि मग कॅबिनेटच्या मागे हात घालून चाचपडणं सुरू होतं. अशा मशीनला हे पॅनल शोभतं. नव्या काचेच्या कॅबिनेटना हा बेच नसतो, त्यांनी पुढे वाचायचं ते फक्त लाइटचं.

पॅनलमधून चार वायरी निघतात : यूएसबी ३.० ची १९ पिनांची, यूएसबी २.० ची ९ पिनांची, ऑडिओची आणि साटा पॉवरची (एसएमपीएसमधून थेट वीज घेणारी). पहिली अडचण इथेच. एच६१ या इंटेलच्या जुन्या चिपसेटचे (पोर्ट सांभाळणाऱ्या मुख्य चिपचे) बोर्ड आपल्याकडे अजून ढिगाने चालू आहेत आणि त्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० नाहीच. इंटेलने ते २०१२ मध्ये ७ मालिकेच्या चिपसेटपासून (बी७५, एच७७, झेड७७) आत घेतलं. काही एच६१ बोर्डांवर वेगळी चिप लावून मागे निळे पोर्ट दिलेले असतात, पण आतलं १९ पिनांचं हेडर (वायर लावायचा बोर्डावरचा पिनांचा जोड) क्वचितच असतं. दुकानात अशा वेळी ९ पिनांवरून १९ पिनांवर जाणारा छोटा जोड हातात देतात. त्याने पोर्ट चालू होतात, पण वेग यूएसबी २.० चा, ४८० एमबीपीएसच. खरा ३.० हवा असेल तर आत १९ पिनांचं हेडर असलेलं पीसीआय-ई कार्ड टाकावं लागतं. एच६१ च्या छोट्या स्लॉटमधून ते कार्ड सेकंदाला साधारण ४०० एमबीपर्यंत देतं, साध्या एसएसडीला तेवढं बस्स झालं.

दुसरी गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. १९ पिनांच्या एका हेडरमध्ये दोनच पोर्टांचे मार्ग असतात, आणि इथे टाइप-सी धरून ३.० चे पोर्ट तीन आहेत. म्हणजे पॅनलच्या आत एका मार्गाचे अनेक पोर्ट करणारी हब चिप आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडा, पॅनलच्या जागी ‘जेनेरिक सुपरस्पीड यूएसबी हब’ दिसतो. तिन्ही पोर्ट मिळून ५ जीबीपीएस वाटून घेतात. पेन ड्राइव्ह, टोकन, प्रिंटर यांना काही फरक पडत नाही. दोन एसएसडी एकाच वेळी कॉपीला लावल्या की पडतो.

टाइप-सी हा या पॅनलचा सगळ्यात कच्चा भाग. एसएसडीची केबल एका बाजूने लावली की ५ जीबीपीएस मिळतात, तीच उलटी करून लावली की कॉपीचा वेग सेकंदाला ३५-४० एमबीवर येतो. टाइप-सीमध्ये जलद तारांच्या जोड्या दोन्ही बाजूंना असतात आणि कोणती बाजू वर आहे ते ओळखून जोडी बदलणारी चिप लागते. इथे ती वाचवली आहे. उपाय काही नाही, चालणाऱ्या बाजूला मार्करने टिंब करून ठेवा. नव्या बोर्डांवर फ्रंट टाइप-सीसाठी वेगळं २० पिनांचं छोटं हेडर असतं, बोर्डाप्रमाणे १० किंवा २० जीबीपीएसचं. या पॅनलला त्याची वायरच नाही. तुमच्या बोर्डावर ते हेडर असेल तर हे किट घेऊन ते वाया घालवू नका.

वायर सुमारे ६० सेंमी लांब आणि आतल्या पॉवरच्या तारा २८ गेजच्या, तशा बारीकच. पुरवठ्याची आणि परतीची मिळून सव्वा मीटर तांबं होतं, त्याचा रोध पाव ओहम. ९०० मिलिअँपिअर ओढले की वायरीतच पाव व्होल्टच्या आसपास पडतो. मागच्या पोर्टवर ५.० असेल तर पुढे ४.७७ च्या घरात. पेन ड्राइव्हला चालतं. अडीच इंची बाहेरची हार्डडिस्क सुरू होताना अँपिअरभर मागते आणि तिथे ती ‘टिक... टिक’ करत अडकते. हब असल्यामुळे पॅनलला साटा पॉवर दिली आहे, ती जोडलीच पाहिजे. बरेच जण ‘पोर्ट तसेही चालतात’ म्हणून ती वायर मोकळी सोडतात आणि नंतर हार्डडिस्कला दोष देतात.

बसवताना बोर्डाच्या बाजूला घाई नको. १९ पिनांचा प्लग ताठ आहे आणि त्याची वायर जाड. ती जोराने वाकवली की हेडरच्या कडेची पिन आडवी होते, किंवा पुढच्या वेळी प्लग काढताना हेडरचं प्लास्टिकच पिनांवरून सुटून येतं. आधी वायर कॅबिनेटमध्ये फिरवून तिला हवा तो वळसा द्या, मग प्लग सरळ खाली दाबा. काढताना दोन्ही बाजू अंगठ्या-बोटात धरून थोडं थोडं, वायर ओढून नाही. पॅनलच्या बाजूचे स्क्रू एम३ आहेत, डीव्हीडी रायटरला लागतात तेच. हार्डडिस्कचे जाडे स्क्रू दोन फेरे जातात आणि पत्र्याचे आटे खाऊन टाकतात. ऑडिओ आणि यूएसबी २.० ची हेडर दिसायला जुळी भावंडं असली तरी यूएसबीत ९ वी पिन नसते आणि ऑडिओत ८ वी. प्लग एकसंध असेल तर चूक होत नाही. सुट्या तारांचे प्लग आले असतील तर बोर्डाच्या मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवूनच लावा. यूएसबीचे ५ व्होल्ट ऑडिओच्या पिनवर गेले तर साउंड चिप जाऊ शकते.

वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर पॅनलवरच्या निळ्या पोर्टात लावू नका. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं आणि शेजारी एसएसडी कॉपी होत असेल तर माउस उड्या मारतो. रिसीव्हर मागच्या काळ्या पोर्टात टाकला की प्रश्न मिटतो.

आता लाइट

किटमधल्या डब्याला तीन पिनांचे एआरजीबी जोड, फॅनसाठी सहा पिनांचे जोड, साटा पॉवर आणि मदरबोर्डाकडे जाणारी एक सिंक वायर आहे. फॅनचा सहा पिनांचा प्लग बहुतेक डब्यांत बसतो, पण पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा. बसला म्हणजे जुळला असं नाही. त्याच प्लगमधून फॅनचे १२ व्होल्ट आणि एलईडीचे ५ व्होल्ट एकत्र जातात. क्रम चुकला तर एलईडीवर १२ व्होल्ट येतात आणि पट्टी क्षणात मेली. तसंच बोर्डावर : चार पिनांचं आरजीबी हेडर १२ व्होल्टचं, तीन पिनांचं एआरजीबी ५ व्होल्टचं. एमएसआयवर जेरेनबो, गिगाबाइटवर डी-एलईडी, एएसरॉकवर अ‍ॅडर-एलईडी अशी नावं छापलेली असतात, ती वाचल्याशिवाय काही जोडायचं नाही. स्थानिक स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे मोलेक्सवरचे (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरचे) ‘इंद्रधनुष्य’ फॅन या डब्याने नियंत्रित होत नाहीत. त्यांना डेटाची तारच नसते.

विजेचा हिशेब कागदावर करा. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेते असं धरायचं. १२ एलईडींचे चार फॅन म्हणजे ४८, जवळपास २.९ अँपिअर. त्यात ३० एलईडींची पट्टी, आणखी १.८. एकूण ४.७. साटा पॉवरच्या प्लगला ५ व्होल्टसाठी तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ४.५ ची हद्द. इथेच ओलांडली. आणि हा भार मदरबोर्डाच्या एआरजीबी हेडरवर टाकलात तर तिथली मर्यादा बहुधा ३ अँपिअर, म्हणजे ५० एलईडी. रंगीबेरंगी इफेक्टमध्ये खरा ओढा बराच कमी असतो, म्हणून महिनोन्महिने निभतं. मग कोणीतरी दिवाळीत सगळं पांढरं करतं आणि साटाचा प्लग गरम होऊन पिवळा पडतो. पट्टीच्या शेवटचे एलईडी पांढऱ्याऐवजी तांबूस दिसायला लागले की समजा व्होल्टेज पडतोय. निळ्या-हिरव्याला जास्त व्होल्टेज लागतं, ते आधी मंदावतात आणि लाल मागे राहतो. उजेड ६०-७० टक्क्यांवर ठेवा किंवा पट्टी वेगळ्या पॉवरवर घ्या.

साटा कमी पडलं म्हणून किटमध्ये मोलेक्सवरून साटा करणारी एक वायर येते. तिचा प्लग अखंड ओतीव प्लास्टिकचा आहे. असल्या प्लगमध्ये तारा आत सरकून एकमेकींच्या जवळ येतात आणि जळतात. ती वायर सरळ कचऱ्यात टाका. मागून उघडता येणारा, तारा वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेला जोड घ्या.

डब्याची सिंक वायर मदरबोर्डाला जोडली की रिमोटची गरज राहत नाही. बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधून किंवा ओपनआरजीबीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून रंग चालतात. डब्याच्या सगळ्या जोडांना एकच डेटा जातो, म्हणून चारही फॅन एकसारखेच नाचतील. फॅनमागे वेगळा रंग हवा असेल तर हा डबा नाही चालणार. फॅनच्या वेगाची पीडब्ल्यूएम वायर सीपीयू-फॅन हेडरवर लावू नका, सिस-फॅनवर लावा. हा डबा फॅनचा वेग (आरपीएम) बोर्डाला परत पाठवत नाही आणि बोर्ड सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ म्हणून अडून बसतो.

एआरजीबी हेडर नसलेल्या जुन्या बोर्डावर मात्र रिमोटच वापरावा लागतो आणि तो निराशा करतो. कोड ठरलेला आहे, बदलता येत नाही. एकाच खोलीत अशी दोन मशीन असतील तर एका रिमोटने दोन्हींचे रंग बदलतात. गेमिंग कॅफेवाल्याने तर नादी लागूच नये. त्यापेक्षा कॅबिनेटच्या रिसेट बटणाच्या दोन तारा डब्यावरच्या ‘एलईडी एसडब्ल्यू’ पिनांवर लावा. बटण दाबलं की इफेक्ट पुढे जातो, दाबून धरलं की लाइट बंद. रिसेट गेला तरी अडत नाही, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतंच.

मशीन बंद केल्यावर पॅनलवरचं बटण रात्रभर चमकत राहतं. कारण यूएसबी हेडरला एसएमपीएसचे स्टँडबाय ५ व्होल्ट मिळतच असतात. बायोसमध्ये ‘ईआरपी’ (बंद मशीनची वीज वाचवणारी सोय) चालू केलं की विझतं, पण मग बंद मशीनवर मोबाइल चार्ज होणार नाही. यूपीएसची काळजी नको. सगळे लाइट पूर्ण पांढरे असले तरी तेवीस-चोवीस वॅट, हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइट गेल्यावर त्यामुळे थोडाच वेळ कमी मिळेल.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. खानापूर पट्ट्यात आषाढ-श्रावणात पट्टीमागचा चिकट टेप सुटतो आणि पट्टी फॅनच्या पात्यात लोंबते. पत्र्याच्या कॅबिनेटला चुंबकाची पट्टी घ्या किंवा दोन्ही टोकं केबल टायने बांधा. पोर्टांना रबरी झाकणं घालाच, ती किटमध्ये मिळत नाहीत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या ऑफिसात तर झाकणाशिवाय पोर्टात बारीक भुकटीचा थर बसतो.

हेडफोनच्या जॅकमध्ये घरघर येत असेल तर पॅनल परत पाठवण्याआधी अर्थिंग तपासा. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांतून दोनच तारांचं वायरिंग अजून सापडतं. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर शंभरेक व्होल्टची झिणझिणी उभी राहते आणि पॅनलच्या धातूच्या कडेला बोट लागलं की जाणवते. मल्टिमीटर एसीवर ठेवून आधी फेज आणि अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवेत. मग न्यूट्रल आणि अर्थ, दोन-तीन व्होल्टच्या आत. हे आकडे येत नसतील तर आधी वायरमनला बोलवा.

वॉरंटी नावापुरतीच, म्हणून परत करायच्या मुदतीतच तपासणी उरका : टाइप-सी दोन्ही बाजूंनी, तिन्ही ३.० पोर्टांवर एकाच वेळी कॉपी, लाइट पूर्ण पांढरे ठेवून अर्धा तास आणि त्यानंतर साटाच्या प्लगला हात लावून. चटका बसला तर डबा परत करा. विक्रेत्याकडे लाइटच्या डब्याविना नुसतं पॅनल मिळत असेल तर तेच घ्या. स्वस्तही पडतं.