शटलवर्थला जा, पण वारा बघून जा

माझे बाबा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यातून, एअरफ्रेम फिटर म्हणून रिटायर झाले. ३४ वर्षं मिगच्या पोटाखाली गेली. अशा माणसाला विमानांचं म्युझियम दाखवणं म्हणजे सोनाराला सराफकट्ट्यावर फिरवणं. तो दागिना बघत नाही, डाग कुठे लावलाय ते बघतो. त्यामुळे यंदा जुलैत ते आमच्याकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला आले, तेव्हा शटलवर्थ कलेक्शन या जुन्या विमानांच्या म्युझियमच्या संध्याकाळच्या एअर शोची तिकिटं मी जरा धाकधुकीतच काढली.

जागा बेडफर्डशायरमध्ये, ओल्ड वॉर्डन गावाला लागून. जवळचं स्टेशन बिगल्सवेड, पण स्वतःची गाडी असलेली बरी. रिचर्ड शटलवर्थ नावाच्या श्रीमंत घरच्या, पण हात काळे करायची हौस असलेल्या पोराने १९२८ पासून जुनी यंत्रं जमवायला सुरुवात केली. १९३३ मध्ये हा गडी कॉम्पर स्विफ्ट नावाच्या चिमुकल्या विमानातून व्हाइसरॉय कपच्या शर्यतीसाठी थेट दिल्लीला आला होता. १९४० मध्ये आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या सरावात विमान पडून गेला, वय फक्त ३१. आईने १९४४ मध्ये त्याच्या नावाने ट्रस्ट केला, आणि जे उडू शकतं ते उडवायचं हा त्याचा शिरस्ता आजही चालू आहे. आपल्याकडे चौकात खांबावर मिग टोचून ठेवतात, पंखाखाली कबुतरं संसार थाटतात. ते बघायची सवय झालेल्या माणसाला इथे पहिली दहा मिनिटं काही सुचत नाही.

शो सुरू होण्याआधी हँगर बघायला दोन तास तरी हाताशी ठेवा. आम्हाला कमी पडले, कारण बाबा ब्रिस्टल फायटरपाशीच अडकले. १९१८ चं विमान. लाकडी सांगाडा, त्यावर कापड शिवून वर डोपचा, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या रोगणाचा हात. हात मागे बांधून, दोरीवरून वाकून ते पंखांमधल्या तारा ताणायचे स्क्रू, म्हणजे टर्नबकल बघत होते. प्रत्येकावर तो सैल पडू नये म्हणून लॉकिंग वायर. पीळ सारखा आहे का, वायर घट्ट होण्याच्या दिशेने ओढलीय की उलट, हे त्यांनी एकेक करून तपासलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, "बरोबर बांधलीय." बाबांच्या तोंडून माझ्या दहावीच्या निकालालाही एवढी शाबासकी मिळाली नव्हती.

वर्कशॉपजवळ डांगरी घातलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरशी त्यांची गाठ पडली. बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं, त्याचं गावरान. पण दोघं बोटांनीच बोलत होते. विषय रोटरी इंजिनाचा. यात क्रँकशाफ्ट विमानाला जखडलेला असतो आणि सिलिंडरच पंख्याबरोबर गरगरा फिरतात. वंगण म्हणून एरंडेल, आणि ते परत टाकीत येत नाही, जळून आणि उडून जातं. "म्हणजे पायलटच्या तोंडावर?" बाबांनी विचारलं. त्याने हसून मान हलवली. बाबा माझ्याकडे वळले. "आजी दर महिन्याला एक चमचा पाजायची तुला, आठवतंय ना?"

त्या एरंडेलाचा वास प्रत्यक्ष आला संध्याकाळी, रोटरी इंजिनाचं अ‍ॅव्हरो ५०४ सुरू झालं तेव्हा. निळसर धूर गवतावरून आमच्यापर्यंत आला आणि मी क्षणात सातव्या वर्षात. उतरताना इंजिन भर्र करायचं, गप्प व्हायचं, पुन्हा भर्र. आमच्या मागचा एक मुलगा घाबरला. बाबांनाही आधी वाटलं, मिसफायर होतंय. पण या इंजिनाला नेहमीसारखा थ्रॉटलच नसतो. पायलट बटण दाबून इग्निशन तोडतो, सोडतो, आणि तसा वेग सांभाळतो.

इथली आणखी एक खासियत म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला वळलेली उड्डाणाची रेषा. विमान समोरून जाताना कलतं आणि त्याची पाठ दिसते, कॉकपिटसकट. पहिल्या महायुद्धातलं एसई५ए हे लढाऊ विमान असं वळलं तेव्हा मला इंद्रलाल रॉय आठवले. बंगाली पोरगा, जुलै १९१८ मध्ये याच जातीच्या विमानातून १० विमानं पाडली आणि त्याच महिन्यात, एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याच्या तीन आठवडे आधी मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर गेले होते, सॉपविथ डॉल्फिनवरचे पायलट. शाळेत आम्हाला या दोघांविषयी कोणी अवाक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर आणि सी हरिकेन आली, लोकांनी माना वर केल्या, मोबाइल वर केले. त्यांच्या मर्लिन इंजिनाचा आवाज छातीत वाजतो, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी बाबांना विचारलं, एवढे भाग बदलल्यावर हे हरिकेन १९४१ चं विमान म्हणायचं का? "ओव्हरहॉलला आलेलं मिग परत जाताना कितीसं तेच असायचं?" ते म्हणाले. "नंबर तोच. लॉगबुक तेच. पुढे बोल."

आता उणं काय ते. ज्यासाठी मी मुद्दाम संध्याकाळचा शो निवडला, ते १९०९ चं ब्लेरियो हे फ्रेंच विमान उडालंच नाही. तीन सिलिंडरचं अँझानी इंजिन, ताकद दोन-तीन स्कूटरइतकी. वारा पडला तरच बाहेर काढतात, आणि तेव्हाही धावपट्टीवर सरळ एक उडी मारून उतरवतात. त्या दिवशी शेवटपर्यंत झेंडा फडफडत राहिला. चूक कोणाची नाही, पण त्या एकाच विमानासाठी लांबून येणार असाल तर मन घट्ट करून या.

जुलै असला तरी स्वेटर न्या, सूर्य कलल्यावर गवतावर गारठा येतो. घडीच्या खुर्च्या, सतरंजी आणि डबा घेऊनच लोक येतात. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी दोन खाल्ल्या आणि बदल्यात बाबांना दुर्बीण दिली.

पाचपैकी साडेचार. बाबा सप्टेंबरअखेर परत जाणार आहेत. त्याआधी आणखी एक शो आहे. सध्या ते रोज सकाळी चहाबरोबर माझ्या मोबाइलवर बिगल्सवेडचा वारा बघतात.