मामांच्या 944 ची चाकं: पावडर कोटिंगनंतरचे दहा महिने

मामांच्या जुन्या पोर्श 944 च्या चाकांना पावडर कोटिंग करून, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत भाजून घेऊन, दहा महिने झाले. आधी हवेचं सांगतो, कारण फरक मला पहिल्यांदा तिथेच कळला. कामाआधी मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याला पाच-सहा पीएसआयने उतरायची. पंक्चरवाल्याने चाक दोनदा पाण्यात बुडवून पाहिलं. खिळा नाही, व्हॉल्व्हही ठणठणीत. बुडबुडे येत होते टायर रिमला टेकतो त्या कडेतून. तिथे पांढरी भुकटी धरली होती आणि टायरचं रबर त्या खरबरीत कडेवर नीट बसतच नव्हतं. आता महिन्याला एखादा पीएसआय कमी होतो, तेवढा कुठल्याही गाडीत होतोच.

गाडी 1986 ची पोर्श 944. मामांनी आखातातून कायमचं परत येताना आणलेली. पुढे अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास समान आणि वळणावर गाडी अगदी हाताशी राहते. चाकं 15 इंची, 7 इंच रुंद, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. जुन्या टेलिफोनच्या डायलसारखी गोल भोकं असल्यामुळे त्यांना सगळीकडे फोन-डायलच म्हणतात.

मामांची तब्येत बिघडल्यावर गाडी पिंपळगावच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती आणि चाकांचा घात तिथे झाला. त्याच शेडमध्ये द्राक्षबागेचं सगळं सामान: मोरचुदाच्या गोण्या, गंधक, खतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बोर्डो मिश्रण जमलं का ते बघायला आपण लोखंडी विळा बुडवतो आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो, तोच प्रकार इथे अ‍ॅल्युमिनियमवर झाला. ओल धरलेली मोरचुदाची धूळ रिमवर बसली, तांबं धातूवर उतरलं आणि त्या कणांभोवती अ‍ॅल्युमिनियम खड्डे पडत झिजत गेलं. द्राक्षपट्ट्यात कोणी जुनी गाडी शेडमध्ये ठेवत असेल तर एवढं नक्की करा, औषधांच्या गोण्या दुसऱ्या खोलीत हलवा.

पहिला प्रयत्न फसला. नाशिक शहरातल्या एका दुकानात चाकं रंगवायला दिली, चार दिवसांत चकचकीत होऊन आली. दसऱ्यापर्यंत क्लिअर कोटखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, केसांसारख्या पांढऱ्या रेघा पळायला लागल्या, मग फुगे, मग पोपडे. नखाने एक पोपडा उचलला तर खाली जुना रंग आणि त्याच्याखाली तीच भुकटी. कोणी काही काढलंच नव्हतं, वरून फवारून दिलं होतं. ते पाहून मी खरंच चिडलो. पैशापेक्षा, एक पूर्ण पावसाळा ती भुकटी आत धातू खात राहिली याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी मी आधी शेजारच्या काकांना गाठलं. काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेत, आयुष्यभर विमानांच्या भागांमधल्या चिरा शोधल्या. ते म्हणाले, "रंगाचं नंतर बघू. आधी चाक चालवण्यालायक आहे का ते बघू दे."

नाशिकच्या अंबडला एका जॉब वर्कवाल्याकडे चाकांचा रंग काढून ती उघडी करून घेतली. अंबड-सातपूरला पावडर कोटिंगवाले पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचं रोजचं काम लोखंडाचं. त्यांच्याकडे रंग काढायला गरम कॉस्टिक सोड्याची टाकी असते. लोखंडाला ती चालते, अ‍ॅल्युमिनियम मात्र तिच्यात फसफसून विरघळायला लागतं. त्यामुळे पहिला प्रश्न तोच विचारायचा: रंग कशाने काढणार? माझ्या चाकांना अ‍ॅल्युमिनियमला चालणारा स्ट्रिपर, म्हणजे रंग सोडवणारं रसायन, लावला आणि मग बारीक काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग केलं, म्हणजे दाबाच्या हवेने मण्यांचा मारा केला. लोखंडी शॉट, म्हणजे बारीक छर्रे, अजिबात नकोत, त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे गंजतात.

मग आमच्या अंगणात सतरंजी अंथरून काकांनी चारही चाकं मांडली. चिरेत शिरणारा लाल डाय फवारला, पंधरा मिनिटं मुरू दिला, कापडाने पुसून घेतला आणि वर चिरेतला डाय ओढून काढणारा पांढरा डेव्हलपर मारला. तीन चाकं पांढरीच राहिली. चौथ्याच्या आतल्या कडेला, जिथे खड्ड्यात आपटल्यावर मार बसतो तिथे, हळूहळू एक लाल रेघ उमटली. माझ्या करंगळीच्या पेराएवढी. त्याआधी भिंग लावूनही ती आम्हाला दिसली नव्हती. वेल्डिंग करून मिळेल असं दोघातिघांनी सांगितलं, काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी ते चाक बाजूला काढलं.

बदली चाक शोधताना एक महिना गेला आणि एक चूक होता होता राहिली. मुंबईहून आलेलं चाक दिसायला तेच, भोकंही तीच, 5 स्टड आणि त्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास 130 मिलिमीटर. पण आतल्या बाजूला ओतलेला आकडा 52.3 आणि माझ्या चाकांवर 23.3. 1987 च्या मॉडेलपासून पोर्शने सस्पेन्शनची मांडणी बदलली आणि त्याबरोबर चाकाचा ऑफसेटही, म्हणजे हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा. ते चाक माझ्या गाडीला 29 मिलिमीटर आत बसलं असतं. परत पाठवलं. शेवटी पुण्याच्या एका 944 वाल्याने त्याच्याकडचं जादा चाक दिलं, 18,000 रुपयांना.

आता भट्टी. या कामात सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल. ओतीव चाकाची ताकद उष्णता देऊन कमावलेली असते: आधी खूप तापवून पाण्यात थंड करायचं आणि मग साधारण 155 ते 170 अंशांत काही तास मुरवायचं. पावडर भाजायला मात्र बरेच जण सर्रास 200 अंश लावतात. जास्त वेळ तसं ठेवलं की कमावलेली ताकद उतरायला लागते. म्हणून मी कमी तापमानाला पिकणारी पावडर मागितली आणि 160 अंशांवर भाजून घेतली. त्याआधी चाकं रिकामीच भट्टीत घातली, कोटिंगपेक्षा थोड्या वरच्या तापमानाला. ओतकामात सूक्ष्म छिद्रं असतात, त्यात अडकलेली हवा आणि तेल कोटिंगच्या वेळी बाहेर आलं तर रंगाला टाचणीएवढी भोकं पडतात. हे नुसतं वाचलं होतं, तिथे पाहिलं. बाहेर आलेल्या एका चाकाच्या मधल्या भागावर तेलकट तपकिरी डाग फुटले होते. ते पुसून पुन्हा भट्टीत घातलं. मग क्रोमेट केलं, म्हणजे गंज रोखणारा आणि रंग धरणारा रासायनिक थर दिला, धातूवर पिवळसर सोनेरी झाक येते ते. मग चंदेरी पावडर आणि वर क्लिअर. चंदेरी पावडरवर क्लिअर हवाच, नाहीतर आतले धातूचे कण चाकं धुण्याच्या अ‍ॅसिडने काळवंडतात.

रंगाची छटा जुळवायला नमुना मिळाला तो मधल्या टोपीखाली. टोपी काढली तर खाली कारखान्यातला मूळ रंग तसाच, ऊन न लागलेला. आज लोक सिल्व्हर म्हणून जो पांढराफेक रंग देतात त्यापेक्षा तो बराच गडद आणि उबदार आहे.

एका गोष्टीत मी कमी पडलो. नट टेकतात त्या गोल खोबण्या आणि हबला चिकटणारा मागचा भाग कोरा ठेवायला सांगितलं होतं. पुण्याहून आलेलं चाक नंतर स्वतंत्र गेलं, त्यावर मास्किंगचे, म्हणजे रंग लागू नये म्हणून झाकायचे, बूच लावायचे राहिले आणि मीही घेताना तपासलं नाही. नट 130 न्यूटन मीटरला आवळले आणि त्र्यंबकला जाऊन आलो. घरी येऊन टॉर्क पाना लावला, तर तीन चाकांचे नट जागचे हलले नाहीत; त्या चाकाचे दोन नट पाव-पाव फेरा फिरले. दाबाखाली कोटिंग चिरडून नट सैल झाले होते. माझ्या हाताला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्या पाचही खोबण्यांमधला रंग हाताने काढला, पुन्हा आवळलं, तेव्हापासून पक्के आहेत. या गाडीचे नट अ‍ॅल्युमिनियमचे असतात, टायरवाल्याला हवेच्या गनने आवळू देऊ नका.

दहा महिन्यांत 4,200 किलोमीटर झाले. कसारा घाट चार वेळा, त्यात दोनदा धो धो पावसात, आणि हंगामात ट्रॅक्टरच्या मागून दिंडोरी रस्ता कितीदा तरी. फुगा एकही नाही, रेघ एकही नाही. ब्रेकची काळी धूळ साध्या शाम्पूने निघते. टायर 195/65 चेच घेतले, ते नाशिकमध्ये सहज मिळतात. खराबी एकच: टायर चढवताना पट्टीचा मार लागून एका कडेचा तुकडा उडाला, तांदळाएवढा. टच-अप केलं, पण जवळून दिसतं. पावडर कोटिंगची दुरुस्ती बेमालूम होत नाही हे धरूनच चाला. बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची घ्या, कडेला ठोकायची घेतली की कोटिंग तिथेच फाटतं.

खर्च स्ट्रिपिंगपासून क्लिअरपर्यंत चाकामागे साडेचार हजार आला. पहिल्या दुकानाने दोन हजार घेतले होते, ते पाण्यात गेले.

दिवाळीत मामांना पिंपळगावहून वणीपर्यंत फिरवून आणलं. परतल्यावर ते पुढच्या चाकाशी वाकले, टोपीभोवती अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घेतली तेव्हा हाच रंग होता." चिरलेलं चाक भंगारात दिलेलं नाही. ते घरात कोरड्या जागी टांगलंय. ब्लास्टिंगच्या वेळी त्याच्या टोपीखालची जागा मी मुद्दाम झाकून घेतली होती, पुढे कधी रंग जुळवायची वेळ आली तर मूळ नमुना तेवढाच उरलाय.