झेडपीची सहावी ते आठवी: प्रवेशाआधी नेमके काय पाहावे

पाचवीचा निकाल लागला की गावोगावच्या पालकांपुढे पेच पडतो. मूल गावातल्या जिल्हा परिषद शाळेतच ठेवायचे, जवळच्या अनुदानित हायस्कुलात घालायचे, की दारात येणाऱ्या पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडायचे? यातल्या पहिल्या पर्यायाचे हे परीक्षण आहे. सहावी ते आठवी ही सरकार मोफत पुरवत असलेली एक सेवा आहे असे धरून ती तपासली आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. शाळेत गणित-विज्ञानाचा विषय पदवीधर शिक्षक प्रत्यक्ष शिकवत असेल, तर ही सेवा तालुक्यातल्या बऱ्याच फीवाल्या शाळांना भारी पडते. तो नसेल तर बोलक्या भिंती, स्मार्ट टीव्ही आणि दारावरचे आयएसओचे प्रमाणपत्र पाहून भुलू नका.

आपल्याकडची जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी असे दोन टप्पे आले. हायस्कूलची आठवी अशी प्राथमिकच्या वाट्याला आली. सातवीपर्यंतच्या अनेक झेडपी शाळांना पुढे ‘नैसर्गिक वाढी’ने, म्हणजे आहे त्या शाळेलाच वरचा वर्ग जोडून, आठवीचा वर्ग मिळाला. वर्ग वाढवायला एक पत्र पुरते. खोली, शिक्षक आणि प्रयोगाचे सामान मात्र पत्राने येत नाही. शिवाय शेजारच्या हायस्कूलने आपली आठवी सोडलेली नाही, त्यामुळे त्याच मुलांसाठी दोन्हीकडून ओढाताण चालते. मे महिन्यात दोन वेगवेगळ्या शाळांचे गुरुजी एकाच ओसरीवर भेटतात ते यामुळेच.

आता मुख्य मुद्दा, शिक्षक. कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक धरला आहे. त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक हवा, आणि ३५ मुलांमागे एक हे प्रमाण हवे. पट १०० च्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशकही हवेत. वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवे, म्हणजे रोज साडेचार तासांहून किंचित जास्त निव्वळ शिकवणे. परिपाठ, खिचडी आणि मैदान त्यात धरायचे नाही.

प्रत्यक्षात पदे ठरतात ती संचमान्यतेने, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या सरकारी प्रक्रियेने. ३० सप्टेंबरचा पट यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) जातो, आधार वैध असलेली मुले मोजली जातात आणि त्यावरून किती शिक्षक मंजूर हे ठरते. मूल रोज वर्गात बसते, पण आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळत नाही, म्हणून ते मोजलेच जात नाही, असे होते. दोन-तीन मुलांच्या अशा घोळात एक पद जाऊ शकते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ही कात्री आणखी धारदार केली. सहावी ते आठवीच्या गटात पट २० च्या खाली असेल तर त्या गटाला शिक्षकाचे पदच नाही, असा त्याचा अर्थ निघाला आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. वाडी-वस्तीवरच्या, डोंगरी भागातल्या शाळांना याचा फटका सर्वांत आधी बसतो. वर्ग कागदावर राहतो आणि पहिली ते पाचवीचे गुरुजी तो ‘सांभाळतात’.

म्हणून शाळेत जाऊन थेट तीन प्रश्न विचारा. सहावी ते आठवीचा एकूण पट किती? मंजूर पदे किती आणि भरलेली किती? गणित-विज्ञान शिकवणाऱ्याची पदवी कोणती? तिसरे उत्तर ‘सर सगळेच विषय घेतात’ असे आले, तर उत्तर मिळाले असे समजा. मराठीच्या पदवीधराने आठवीचे गणित शिकवणे अशक्य नाही, पण बैजिक राशींचे अवयव आणि परिमेय-अपरिमेय संख्या इथपर्यंत आले की पुष्कळ वर्गांत फळ्यावरची उदाहरणे वहीत उतरवून घेणे एवढेच शिल्लक राहते. शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी वेगळा असतो आणि त्यात गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्रे अशी निवड असते. नव्याने आलेल्या शिक्षकाने यातले काय घेतले होते, हे विचारण्यात गैर काही नाही.

शाळेत विचारायचा संकोच वाटत असेल तर शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक घ्या (महाराष्ट्रातले क्रमांक २७ ने सुरू होतात) आणि यू-डायसच्या सार्वजनिक संकेतस्थळावर टाका. पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे, सगळे दिसते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते का, हे मात्र जाऊनच पाहावे. या वयात मुलींची गैरहजेरी वाढण्याचे ते एक साधे, टाळता येण्याजोगे कारण आहे.

तीन वर्ग आणि दोन शिक्षक असतील तर वेळापत्रक मागून पाहा. चांगली शाळा सहावी-सातवीला भाषा, इतिहास, भूगोल आणि चित्रकला यांसाठी एकत्र बसवते, पण गणिताचा तास प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र ठेवते आणि तेवढ्या वेळेत दुसऱ्या वर्गाला लेखी काम देते. वाईट शाळेत तिन्ही वर्ग एका खोलीत बसतात आणि ज्याचे पुस्तक हातात असेल तो धडा सगळ्यांना. दुसरी गोष्ट, मागच्या इयत्तेचे राहिलेले. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. त्यामुळे सहावीत आलेल्या मुलांची जूनमध्ये चाचणी घेऊन पहिले काही आठवडे भागाकार, अपूर्णांक आणि सलग वाचन यांवर घालवणारी शाळा अभ्यासक्रमात मागे पडलेली दिसेल, पण दिवाळीनंतर तीच पुढे असते. पहिल्याच दिवशी धडा एक उघडणाऱ्या शाळेबाबत सावध राहा.

विज्ञानाचे कपाट उघडायला सांगा. आठवीपर्यंत स्वतंत्र प्रयोगशाळा कायद्याने सक्तीची नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक पेटी किंवा कपाट असते. कुलूप गंजलेले असेल किंवा परीक्षानळ्या कारखान्यातून आल्या तशा कागदात गुंडाळलेल्या असतील, तर प्रयोग होत नाहीत. वापरात असलेल्या कपाटात चंचुपात्राला तडा असतो, लिटमसची डबी अर्धी रिकामी असते, स्पिरिटच्या दिव्याची वात काळी असते. सामान संपले की नवे येत नाही, ही खरी अडचण. त्यावर हळदीच्या कागदाने आम्लारी ओळखणे, जास्वंदीच्या रंगद्रव्याने आम्ल-आम्लारी दोन्ही ओळखणे, दीड व्होल्टचे दोन सेल, एलईडी आणि वायर यांवर विद्युतवाहकता तपासणे, असे थोडक्या पैशांतले पर्याय आहेत. वेळेचे भानही हवे. सातवीचा ‘स्थितिक विद्युत’ पाठ पावसाळ्यात प्रयोगासह घ्यायला गेले तर तो हमखास फसतो, कारण दमट हवेत फुग्यावरचा प्रभार टिकत नाही. जाणता शिक्षक तो डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवतो. पालकाने एवढेच विचारावे: या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला?

पोषण आहाराला आम्ही चांगले गुण देतो, पण मापे पाहून. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल असा हिशेब आहे. त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत. ६० मुले जेवणार असतील तर ९ किलो तांदूळ, १ किलो ८०० ग्रॅम डाळ, साडेचार किलो भाजी आणि ४५० ग्रॅम तेल शिजवायला हवे. पहिली ते पाचवीचे माप यापेक्षा कमी, १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. एकाच पातेल्यात सगळी शाळा जेवते तिथे मोठ्या मुलांना लहानांच्या मापाने वाढले जाते आणि आठवीची मुले दुपारी भुकेली राहतात. तांदूळ सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती भाजी, कारण तिचे पैसे उशिरा येतात आणि तोवर मुख्याध्यापक उधारी करतात. भेट शक्यतो शुक्रवार-शनिवारी द्या, सोमवारी सगळेच नीट असते. चव नोंदवही चाळा. रोज एकाच शाईत, एकाच हाताने ‘उत्तम’ लिहिलेले असेल तर चव कोणी घेतलेली नाही.

पुस्तके बालभारतीची, मोफत आणि बहुधा वेळेवर. मध्यंतरी चार भागांत, आत वहीची पाने घालून आलेली पुस्तके दप्तर हलके करायला होती. मुलांनी वह्या वेगळ्या आणल्याच. गणवेशाचे दोन जोड मोफत असतात. २०२४-२५ मध्ये शिलाई एकाच ठिकाणाहून देण्याचा प्रयोग झाला, माप आणि वेळ दोन्ही चुकले आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. प्रवेश घेतलात तर तिच्या बैठकीला जात जा; शिक्षकाचे पद रिकामे असल्याचा ठराव तिथूनच वर जातो, आणि तारीख व जावक क्रमांक असलेला ठराव तोंडी तक्रारीपेक्षा जास्त चालतो.

मूल्यमापनात सातवी-आठवीला आकारिकचा (वर्षभर चालणाऱ्या वर्गातल्या कामाचा) वाटा ४० टक्के आणि संकलितचा (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा) ६० टक्के असतो. आता आठवीला ढकलगाडी नाही, म्हणजे नापास मूल आपोआप पुढच्या वर्गात जात नाही. वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी मिळते, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. शाळेने त्या सुट्टीत शिकवणी घेतली का, हे मागच्या वर्षीच्या पालकांना विचारा.

झेडपीत राहण्याचा एक फायदा पालकांच्या फारसा ध्यानात येत नाही, तो म्हणजे आठवीतली एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच ती देता येते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतले मूल आपोआप बाद. अटी अशा: सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय क्षमतेचे ९० प्रश्न, प्रत्येकी दीड तास. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शाळेचा कस पाहायचा तर गेल्या तीन वर्षांत किती मुले बसली आणि किती निवडली गेली, हे विचारावे. ‘बसवलीच नाहीत’ हे उत्तर फार सांगून जाते. तयारी सातवीच्या दुसऱ्या सत्रात सुरू झाली पाहिजे, कारण बौद्धिक क्षमतेचे प्रकार पाठ्यपुस्तकात नसतात.

अंतराचा नियम सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरचा आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण शाळा सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का, हे वेळापत्रकावरून न ठरवता फाट्यावर उभे राहून पाहावे. शेवटची गाडी चुकणार असेल तर मूल शेवटच्या तासाला आधीच उठते, आणि शेवटचा तास बहुतेक वेळा खेळाचा किंवा विज्ञानाचा असतो.

आठवीनंतर शाळा बदलायचीच आहे, तेव्हा सातवीतच आधार, शाळेचा जनरल रजिस्टर आणि जन्मदाखला यांवरची नावे अक्षर-अक्षर ताडून घ्या. दाखला निघाल्यावर दुरुस्ती किचकट होते. आणि एनएमएमएस मिळाली असेल तर नववीचा प्रवेशही सरकारी किंवा अनुदानित शाळेतच घ्या. विनाअनुदानित शाळेत गेल्यास शिष्यवृत्ती बंद होते.